आधी नावं, मग करवत

दोहा, कतार
१४ नोव्हेंबर १९५९

पालखाडी मोहल्ल्यातल्या त्या सगळ्या घरांना, ज्यांचं माणूस समुद्रावर गेलं आणि ज्यांना कबरस्तानात मूठभर माती टाकायलाही मिळाली नाही, अस्सलामु अलैकुम.

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. गलबत परत येतं, एक माणूस कमी असतो, आणि उरलेले मान खाली घालून सांगतात, "नेला." कोणी नेला, कुठे नेला, हे विचारायचं नसतं. नेला म्हणजे मेला नाही. मग त्याच्या आईने रोज ताट वाढून झाकून ठेवायचं, बायकोने चुडा भरून बसायचं, आणि ईदच्या आधी त्याचे कपडे पेटीतून काढून उन्हात घालायचे. कपड्यांचा रंग उडतो, तरी घालायचे. मेलेल्याला आपण माती देतो, जिवंताला भाकरी देतो. नेलेल्याला काय द्यायचं हे आपल्याला कोणी शिकवलं नाही.

हेच मी मशिदीच्या ओट्यावरून बोललो होतो आणि त्याबद्दल तुम्ही माझा सलाम बंद केलात. तो वाद आज काढत नाही. मी जमातीबाहेर आहे आणि हे पत्र बाहेरूनच लिहितो आहे. अबूबकरमामू, तुम्ही जमातीचे प्रमुख आणि माझ्या आईचे भाऊ, म्हणून तुमच्या नावाने टाकतो. सगळ्यांना वाचून दाखवा किंवा चुलीत घाला.

मी इथे माझ्या धाकट्या भावासाठी आलो आहे. इकबाल सोलकर, गलबतावरचा सुतार, गेल्या जानेवारीत कतारच्या उत्तर किनाऱ्यापाशी समुद्रात गेला. मार्चमध्ये निरोप आला की त्याला बू दर्याने नेलं. हे नाव आपल्याकडे कोणी ऐकलं नव्हतं. आई झाडफूक करणाऱ्या आमील शफीककडे गेली. त्याने ताईत दिला आणि सांगितलं की बू दर्या म्हणजे समुद्राचा धनी, चांगला कारागीर दिसला की नेऊन कामाला लावतो, काम संपलं की सोडतो. आईने ते घट्ट धरून ठेवलं आहे. तिला मी दोष देत नाही.

पण साजिदाचं काय? इकबालची बायको चोवीस वर्षांची आहे. तिला विधवा म्हणायला कोणी तयार नाही आणि सवाष्ण म्हणून कोणी बारशाला बोलावत नाही. निघण्याआधी मी आईच्या घरी गेलो तेव्हा आई माझ्याशी बोलली नाही. साजिदा मागच्या दाराआड उभी राहून म्हणाली, "भाऊजी, तिथे एवढंच विचारा, ते हाक मारत होते का."

एवढंच विचारायला आलो आहे. बशीरशेठ म्हणून रत्नागिरीचे एक कापडवाले आहेत, त्यांच्या दुकानामागच्या खोलीत उतरलो आहे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मास्तर, तुमची भाषणं मी ऐकून आहे. इथे करू नका. इथे उंटांनाच तेवढा वेळ आहे."

भाषण करण्याची इच्छा नाही. आगबोटीवर एक तयार करत होतो. मस्कत मागे पडल्यावर ते आपोआप थांबलं.

नसरुद्दीन


दोहा
२९ नोव्हेंबर १९५९

मामू,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, "वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही. भाषणं तिकडेच ठेव आणि काय कळलं ते लिही." बरं. आमीलाने आता मुदत दिली आहे, रजबचा चांद दिसला की इकबाल परत येईल, आणि आई घर सारवून घेते आहे, हेही वाचलं.

काय कळलं ते लिहितो.

इकबालच्या गलबतावर आपल्या भाषेचा एकच माणूस होता. जहूर नावाचा, श्रीवर्धनकडचा, गलबतावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. ते काम त्याने सोडलं आहे. आता तो धक्क्याजवळ कामगारांच्या एका खानावळीत रांधतो. मी दारात उभा राहिलो तर त्याच्या हातातला झारा तसाच राहिला.

"मास्तर ना तुम्ही? तुम्ही उभे राहता ते अगदी त्याच्यासारखे. एक खांदा खाली."

त्याने मला पाटावर बसवलं, चहा दिला. रत्नागिरीकडे यंदा आंबा कसा होता, ते विचारलं. मी मे महिन्यातला आंबा नोव्हेंबरात सांगितला.

"जहूर, तू त्या दिवशी गलबतावर होतास."

"होतो. निरोप मीच धाडला ना, बू दर्याचा."

"तोच परत सांग. तुझ्या तोंडून ऐकायचाय."

"त्याचं नाव घेऊन कोणी चुलीपाशी बसत नाय, मास्तर." तरी त्याने विस्तव मागे ओढला आणि सांगितलं. इथले खलाशी मोती काढायला जात तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. बू दर्या समुद्रात राहतो, माणसासारखा दिसतो आणि बुडणाऱ्यासारखी हाक मारतो. वाचवा, मला घ्या, असं म्हणतो. जो वाचवायला जातो तो परत येत नाही. कधी तो स्वतःच मागून गलबतावर चढतो आणि झोपलेल्याला उचलून नेतो. त्याच्यावर उपाय एकच. हाक आली की ओ द्यायची नाही. सगळ्यांनी मिळून ओरडायचं, हातू अल-मिन्शार, हातू अल-जद्दूम. करवत आणा, वाकस आणा. बू दर्याला करवतीची भीती आहे. आपल्याला चिरतील म्हणून तो पळतो.

मी जिन्न आणि भुतं यांच्यावर फारसी, उर्दू, मराठी, इंग्रजी मिळेल ते वाचलं आहे. समुद्रातल्या भुताला सुताराची हत्यारं दाखवतात हे कुठे वाचलं नव्हतं. एरवी मी वही काढून टिपून घेतलं असतं.

"त्या दिवशी हाक आली होती?"

"आली होती."

"तुम्ही ओरडलात?"

"सगळेच ओरडलो. रीतच हाय ती."

"ती हाक कोणत्या भाषेत होती, जहूर?"

तो उठला आणि पातेल्यावरचं झाकण काढून आत बघत राहिला. आत फक्त भात होता.

"नाखुदाला विचारा," तो म्हणाला. "खमीस त्याचं नाव. उत्तरेला रुवैसला असतो. मना विचारू नका आज."

मी चहा संपवला. तो गार झाला होता. साजिदाला सांगा की मी विचारतो आहे.

नसरुद्दीन


रुवैस
११ डिसेंबर १९५९

मामू,

हे पत्र फक्त तुम्ही वाचा. आईला वाचून दाखवू नका. पुढे काय सांगायचं ते मी कळवीन.

दोह्याहून इथवर मालाच्या लॉरीतून आलो. रस्ता असा नाही, चाकांच्या खुणा आहेत. गाव म्हणजे किनाऱ्यावर दगडमातीची घरं, ओढून ठेवलेली गलबतं आणि वाळत टाकलेली जाळी. नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान, खमीस साठीच्या पुढचा आहे. लाकूड आणि कौलं भरायला तो मुंबई, रत्नागिरी, कालिकत असा पुष्कळ फिरला आहे, त्यामुळे हिंदुस्थानी बोलतो. त्याचं बोलणं मी आपल्या भाषेत लिहितो.

त्याने माझ्यासमोर कॉफी ओतली आणि माझ्याकडे पाहत बसला.

"तू उस्ताद इकबालचा भाऊ. तो सांगायचा, माझा भाऊ बोलायला लागला की खाडीची भरती ऐकायला थांबते. बोल मग."

मी कॉफीचा पेला उचलला. तोच बोलला.

"सकाळ होती. न्याहारी झालेली. धुकं असं की डोलकाठीचा शेंडा दिसत नव्हता. वारा पडलेला, प्रवाह आम्हाला ओढत होता. मागून हाक आली, माणसाची. मी काय करणार? माझ्या बापाने केलं तेच केलं. सगळे ओरडलो. एरवी थोडं ओरडलं की आवाज बंद होतो. तो होईना. मी म्हटलं, हा हट्टी दिसतोय, याला करवत दाखवलीच पाहिजे. म्हणून मी सुताराला हाक मारली. उस्ताद, करवत घेऊन ये."

"मग?"

"मग कोणी आलं नाही."

त्याने माझा पेला घेतला, धुतला आणि पुन्हा भरला.

"हत्यारांची पेटी जागेवर होती. करवत पेटीत, वाकस पेटीत. कडेला एक दोर खाली सोडलेला होता. बाहेरच्या फळीला फट पडली होती, तिच्यात कापूस ठोकायला तो दोराला पाट बांधून उतरला होता. आम्ही दोर वर घेतला. पाट नव्हता."

"होडी उतरवलीत?"

"उतरवली. दुपारपर्यंत फिरलो. हाक तोवर थांबली होती."

मामू, तुम्हाला कळलं असेल. समुद्रात माझा भाऊ होता. तो हाक मारत होता, आणि त्याला त्याच्याच करवतीची भीती घालत होते. बहुतेक तो गलबताच्या इतका जवळ होता की ओरडणाऱ्या प्रत्येकाचा आवाज त्याने ओळखला असेल.

मला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर माझ्या अंगाची लाही होईल. ओट्यावर उभा राहून इतकी वर्षं मी याच्याविरुद्ध बोललो, आणि आता याहून मोठा पुरावा कोणाला मिळणार? पण काहीच झालं नाही. समोर खजूर ठेवला होता, त्याच्या बिया मी ताटलीत नीट एका बाजूला लावत होतो.

"म्हणजे तो आवाज इकबालचा होता," मी म्हणालो.

"किंवा बू दर्याने आधी त्याला ओढलं आणि मग त्याच्या आवाजात बोलला. असंही होतं."

"होतं का असं?"

"तू शिकलेला आहेस. तू सांग."

माझ्याकडे उत्तर होतं. दिलं नाही. मी त्याला मी कशाला आलो ते सांगितलं. दोह्याच्या काझींनी मला स्पष्ट सांगितलं आहे की मय्यत मिळाली नाही तर दोन साक्षीदारांनी समोर येऊन, माणूस बुडताना ऐकला, असं सांगितलं पाहिजे. मग ते मृत्यू मान्य करतील. नुसतं बू दर्याने नेला म्हटलं तर माणूस बेपत्ता राहतो आणि त्याची बायको बांधलेली राहते. साक्ष खमीसची हवी आणि जहूरची हवी.

खमीसने दाढी कुरवाळली.

"तो मेला म्हणालो तर आवाज त्याचा होता असं म्हणावं लागेल. आणि आवाज त्याचा होता, तर मी कोणाला हाकललं? हे मी काझीपुढे तोंडाने म्हणू?"

"हो."

"नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "लॉरीने जाऊ नकोस, हाडं मोडतील. माझं गलबत पुढच्या आठवड्यात दोह्याला जातंय. त्यातून चल. तोवर माझ्या घरी राहा."

राहतो आहे. त्याच्या घरचे लोक चांगले आहेत. भूक लागते, जेवतो.

नसरुद्दीन


दोहा
२४ डिसेंबर १९५९

मामू,

हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवा. यात माझ्याबद्दल जे आहे तेही गाळू नका.

खमीसच्या गलबतातून दोह्याला यायला निघालो. दुसऱ्या सकाळी धुकं उतरलं. त्याने वर्णन केलं होतं तसंच, डोलकाठी वर कुठेतरी संपत होती आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. खलाशी हळू बोलू लागले. इकबालच्या जागेवर आता एक बलुची सुतार आहे. मी त्याच्या पेटीवर बसलो होतो, कारण दुसरीकडे कुठे बसायला कोरडं नव्हतं.

तेवढ्यात मागून हाक आली.

शब्द कळले नाहीत. आवाज माणसाचा होता आणि लांबवलेला होता. मला ठाऊक होतं की समुद्रात भूत नसतं. हे मला जितकं ठाऊक आहे तितकं आपल्या मोहल्ल्यात कोणालाही नाही, त्यावर मी तास तास बोललो आहे. आणि माझ्या भावाचं काय झालं तेही त्या वेळी मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं ते "थांबा, कोणीतरी आहे" असं म्हणायला. तोंडातून बाहेर पडलं, "हातू अल-मिन्शार."

मी एकटाच ओरडलो होतो. बाकी कोणी ओरडलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. बलुची सुताराने मला बाजूला सरकवून आपली पेटी ओढून घेतली.

खमीस सुकाणूवरून म्हणाला, "आधी नावं. मग करवत."

मग त्याने गलबतावरच्या एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. ज्याचं नाव घेई तो "हाजिर" म्हणे. त्याने माझंही घेतलं. मी हाजिर म्हणालो, पण आवाज नीट फुटला नाही म्हणून त्याने ते पुन्हा घेतलं. सगळी नावं झाली, सगळी माणसं होती. मला वाटलं आता ओरडतील. खमीसने आणखी एक नाव घेतलं.

"उस्ताद इकबाल."

कोणी काही बोललं नाही. सगळे तसेच उभे राहिले, जणू उत्तर यायला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं. उत्तर आलं नाही.

"होडी उतरवा," खमीस म्हणाला.

दोघे होडी घेऊन आवाजाच्या रोखाने गेले. धुक्यात वल्ह्यांचा आवाज लगेच मरून गेला. आम्ही थाळी वाजवत राहिलो, त्यांना परतीची दिशा कळावी म्हणून. ते आले तेव्हा होडीत एक म्हातारा कोळी होता आणि मागे त्याची छोटी नाव बांधलेली होती. त्याचं वल्हं मोडलं होतं. वर चढताच तो भांडायला लागला.

"कानात खजूर कोंबलेत काय रे? घसा फुटला माझा. आणि तो कोण करवत मागत होता? मला चिरून वाटून खाणार होता?"

खलाशी हसले. एकाने माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हिंदचे मास्तर आहेत. मोठे आलिम." कोळ्याने मला खालून वर पाहिलं आणि चहा मागितला.

धुकं विरल्यावर मी खमीसजवळ जाऊन बसलो. विचारलं, "ही रीत कधीपासून?"

"उस्ताद गेल्यापासून."

"बू दर्या नाही असं आता वाटतं तुम्हाला?"

"असं मी म्हटलं नाही. तो आहे. माझ्या आजोबाने त्याला पाहिलाय."

"मग करवत कधी आणायची?"

"सगळी नावं पुरी झाली की. पण एक नाव राहतंच. ते पुरं होत नाही म्हणून करवतीची पाळी येत नाही. बू दर्या असला तर नेईल आम्हाला. माझं वय झालंय." मग तो समोर बघत म्हणाला, "तूही ओरडलास."

"हो."

"भाऊ गेला तरी ओरडलास."

"हो."

"मग काझीपुढे माझ्या शेजारी उभा राहा. एकट्याने मला ते म्हणवणार नाही."

मामू, माझ्यातला वक्ता त्या गलबतावर ज्या क्षणी ओरडला, त्या क्षणी खमीसची साक्ष मला मिळाली. मी शहाणपणाने बोललो असतो तर मिळाली नसती. यावर मी फार विचार करत नाही. करायला गेलो की डोकं रिकामं होतं.

नसरुद्दीन


दोहा
४ जानेवारी १९६०

पालखाडी जमातीस,

रजबचा चांद इथे दिसला, तिथेही दिसला असेल. सारवलेल्या घरात कोणी आलं नाही हे मला इथूनच माहीत आहे.

काझींसमोर साक्षी झाल्या. खमीस म्हणाला, "आवाज उस्ताद इकबालचा होता. तो बुडाला. आम्ही त्याला ओळखलं नाही." मी शेजारी उभा होतो. काझींनी त्याला बू दर्याबद्दल एक शब्द विचारला नाही आणि मीही तो विषय काढला नाही. तो भूत मानतो, मी मानत नाही, हा वाद आमच्यात तसाच आहे आणि राहील. बाहेर आल्यावर त्याने मला मिठी मारली. त्याच्या कपड्यांना डांबराचा वास होता, इकबालच्या कपड्यांना यायचा तसा.

दुसरा साक्षीदार जहूर. तो येणार नाही असं मला वाटलं होतं. आला तो खानावळीतून थेट, हाताला हळद लागलेली. काझींनी विचारलं, आवाज कोणाचा होता. जहूर म्हणाला, "इकबालचा." कशावरून? "तो आमच्या भाषेत बोलत होता. त्या समुद्रात ती भाषा मी आणि तो, दोघेच बोलत होतो."

काझींनी पुढचं विचारलं नाही. मी बाहेर, भिंतीच्या सावलीत विचारलं.

"काय म्हणत होता?"

"'अरे मी हाय.' एवढंच. 'अरे मी हाय, मी हाय.'"

"आणि तू?"

"मना वाटलं, याला आपली भाषा पण येते. तो सगळ्यांच्या भाषा बोलतो म्हणतात. मी सगळ्यांपेक्षा जोरात ओरडलो, मास्तर. मना वाटलं, तो माझ्यासाठीच आलाय." मग तो म्हणाला, "आई सांगायची, पहिल्या हाकेला ओ देऊ नये. मी दिली नाय."

साजिदा, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर हे आहे. हो, तो हाक मारत होता. तो शेवटपर्यंत माणसांना हाक मारत होता. त्याला कोणी नेलं नाही. तो एकटा होता, दोराची गाठ सुटली होती, आणि पाणी थंड होतं. काझी म्हणाले की विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस मृत्यूच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुझी इद्दत केव्हाच संपली. तू मोकळी आहेस. पुढे काय करायचं ते तू ठरव आणि त्यात कोणाला, मलाही, बोलू देऊ नकोस.

आता जमातीशी बोलतो.

जहूरला तुम्ही दोष द्याल. देऊ नका. बू दर्या त्याला कतारमध्ये भेटला हे खरं, पण पहिल्या हाकेला ओ न देणं तो घरून शिकून आला होता. आपण सगळेच शिकतो. तिन्हीसांजेला दारातून हाक आली तर आपल्या बायका ओठ मिटून घेतात. खाडीवरून आवाज आला तर आपण पोरांना आत ओढतो. मीही त्याच घरात वाढलो. माझं वाचन धुक्यात माझ्या उपयोगी पडलं नाही हे मी तुम्हाला लिहिलं आहे. त्यामुळे यावेळी मी तुम्हाला, भुतं मानू नका, असं सांगत नाही. माना. आमीलाला विचारा. झाडाला झेंडे बांधा. आणि माझा सलाम बंद झाल्यावर इकबालला गावात काम का मिळेना, म्हणून त्याला इतक्या दूर का जावं लागलं, हेही मी आज ओट्यावर मांडत नाही. ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मी फक्त त्या एका हाकेला ओ मागतो. ज्या गलबताने इकबालला हाकललं, ते गलबत आज प्रत्येक धुक्यात त्याचं नाव घेतं, थोडं थांबतं, आणि उत्तर आलं नाही की जे करायला हवं ते करतं. परक्या मुलखातल्या एका म्हाताऱ्या नाखुदाला हे सुचलं. पालखाडीला वर्षभरात सुचलं नाही. आपण त्याचं नाव घेतो ते ताट झाकताना आणि कपडे वाळत घालताना. त्याला ते ऐकू येत नाही.

आईला हे कोण सांगणार मला माहीत नाही. मामू, तुम्ही सांगा. ती तुमची बहीण आहे. तिला सांगा की त्याच्या पेटीतली करवत आणि वाकस खमीसने माझ्याकडे दिली आहेत, मी घेऊन येतो आहे. ती ठेवायची की द्यायची ते तिने ठरवावं.

आपण शाफई मजहबाचे आहोत. समोर मय्यत नसली तरी आपल्याकडे जनाज्याची नमाज होते, ती दूर मेलेल्यासाठीच आहे. तिला कबर लागत नाही. खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसं लागतात, आणि ती पालखाडीत आहेत. मी त्या रांगेत नसेन. माझा सलाम बंद आहे, तो तसाच ठेवा, या नमाजेसाठी तो उघडायची गरज नाही.

बावीस जानेवारीला शुक्रवार आहे. जुम्म्याची नमाज संपली की कोणीही उठू नका. अबूबकरमामू, तुम्ही ओट्यावर उभे राहून इकबाल सोलकर हे नाव मोठ्याने घ्या. थोडं थांबा. उत्तर येणार नाही. मग रांगा सरळ करा आणि त्याच्या जनाज्याची नमाज पढा.

नसरुद्दीन सोलकर